सीताफळ-मोसंबीचं स्थिरचित्र: फटकारे जोरकस हवेत, पण सगळा चिखल होतोय

गोदाकाठची (धागाकर्ती)

तैलरंगात फळांचं स्थिरचित्र करायलेय. मांडणी अशी: दोन आख्ख्या मोसंब्या, एक अर्धी कापलेली, दोन सीताफळं (एक टणक, एकाचे डोळे उघडलेले), पितळी तांब्या, मागं जुनं हिमरूचं कापड. सुती कॅनव्हास १२ × १६ इंच, बाजारातला तयार. उजेड डावीकडच्या खिडकीतून. डुकराच्या केसांचे चपटे ब्रश, ४, ८ आणि १२ नंबर.

गुळगुळीत, फोटोसारखं नकोय. फटकारा दिसला पाहिजे, रंगाचा जाडपणा लांबून कळला पाहिजे. पण तसं करायला गेलं की सीताफळाचा अननस होतो, नाहीतर हातबॉम्ब. मोसंबीची सावली शेवाळलेल्या रांजणासारखी काळी-हिरवी येते. आणि चौथ्या-पाचव्या फटकाऱ्यात सगळा चिखल. मग घासून घासून सारखं करावं लागतं, म्हणजे फिरून गुळगुळीतच.

अजून एक. घाण्यावरचं करडईचं तेल घरात आहे. जवसाच्या तेलाच्या जागी चालेल का? फोटो जोडलाय.


बालाघाटी

ताई, आधी सीताफळ. फोटोत पुढच्या फळावर ४३ डोळे मोजले. सगळे एका मापाचे, प्रत्येकाला स्वतःची सावली आणि वर एकेक पांढरी टिकली. अननस तिथंच झाला.

आधी फळाचा गोळा उभा करा, डोळे मागाहून. पहिल्या थरात सीताफळ सोललेल्या बटाट्यासारखं रंगवा: उजेडाचा भाग, सावलीचा भाग, मधे अर्ध्या उजेडाचा पट्टा. डोळ्याची एकही खूण नको. चार पावलं मागं सरून, पापण्या अर्ध्या मिटून बघा. गोल दिसलं तरच पुढं जायचं.

डोळे काढायचे ते त्या मधल्या पट्ट्यात. तिथं उजेड तिरपा लागतो, म्हणून प्रत्येक फुगवट्याची सावली पडते. उजेड जिथं समोरून बसतो तिथं फुगवटे धुऊन निघतात, आणि सावलीत बुडून जातात. आकड्यात सांगायचं तर पट्ट्यात दहा-बारा डोळे नीट, उजेडात तीन-चार नुसते सुचवलेले, सावलीत एकही नाही. उजेडाकडच्या कडेला चार-पाच उंचवटे द्या. सावलीकडची कड मागच्या कापडात मिसळली तरी चालते, उलट मिसळलेलीच बरी.

आणि डोळे आडव्या ओळीत नसतात. देठापासून तिरप्या फेऱ्यांनी खाली उतरतात, काही डावीकडं, काही उजवीकडं. फेऱ्या एकमेकींना छेदतात म्हणून प्रत्येक डोळा शंकरपाळ्यासारखा दिसतो. समोर तो रुंद, कडेला जाता जाता अरुंद आणि उभट, देठाशी नि बुडाशी लहान. हे चुकलं तर कितीही जोरात फटकारा मारा, फळ चपटंच राहणार.


जाड_थर

वरच्या प्रतिसादात हाताचं तंत्र जोडतो. डोळ्यासाठी चपटा ब्रश नको. फिल्बर्ट घ्या, म्हणजे टोकाला गोलाई असलेला, ६ नंबर. रंग ब्रशच्या एकाच बाजूला, टोकाशी, दुधावरची साय उचलावी तसा घ्यायचा. कॅनव्हासवर टेकवायचा, किंचित दाबायचा, पाव वळसा देऊन सरळ वर उचलायचा. मधला रंग दाबाखाली पातळ होतो आणि कडेला सरकून तिथं बारीक बांध उभा राहतो. हा बांध खोलीतला खरा उजेड पकडतो आणि पलीकडं खरी सावली टाकतो. एका दाबात एक डोळा. दुसऱ्यांदा ब्रश लावला की बांध मोडला.

म्हणूनच चित्र टांगताना उजेड चित्रातल्यासारखाच डावीकडून आला पाहिजे. उलट बाजूनं आला तर बांधांच्या सावल्या उलट पडतात आणि डोळे आत खचल्यासारखे दिसतात.

आता चिखल. त्याची कारणं चार-पाच असतात आणि बहुतेक वेळा सगळी एकदमच हजर असतात.

मिश्रण कॅनव्हासवर होतंय. फोटोत पॅलेटवर नुसते ट्यूबचे रंग दिसतात, तयार ढीग एकही नाही. म्हणजे ब्रश पिवळ्यात, मग हिरव्यात, मग थेट चित्रावर. सगळे ढीग आधी पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीनं, करून ठेवा. या मापाच्या कॅनव्हासला पांढरा लिंबाएवढा, मोसंबीच्या उजेडाचा ढीग सुपारीएवढा, बाकीचे बोराएवढे. रंग कमी पिळला की हात आपोआप चोरून चालतो आणि चोरून लावलेल्या रंगाला फटकारा म्हणत नाहीत.

ब्रश पुसला जात नाही. एक फटकारा, एकदा चिंधीला पुसणं, मग नवा रंग. टर्पेंटाइनमधे बुडवणं वेगळं, ते फक्त ढीग बदलताना, आणि त्यानंतर ब्रश कोरडा होईस्तोवर पुसायचा. ओला ब्रश खालचा थर सोडवतो.

खालचा थर जाड आहे. ओल्या रंगावर ओला रंग बसवायचा तर खालचा पातळ आणि वरचा घट्ट हवा. उलट केलं की वरचा रंग घसरतो आणि खालच्यात कालवला जातो. सावल्या पातळ, उजेड जाड, एवढं पाळलं तरी निम्मा चिखल जातो.

ब्रश पेनासारखा पुढं धरलाय, अंगठ्याची जागा बघून कळतं. उभा ब्रश खालचा रंग नांगरतो. दांडा मागच्या टोकाशी धरा, ब्रश कॅनव्हासला जवळजवळ आडवा, २०-३० अंशांत, आणि हालचाल मनगटातून न करता खांद्यातून.

चुकलाच फटकारा तर त्यावर दुसरा मारू नका. नाइफनं खरवडा. मोठा भाग बिघडला असेल तर त्यावर रद्दी पेपर ठेवा, तळहातानं दाबा, हळूच सोलून काढा. वरचा जाड रंग पेपरवर येतो, खाली आकाराची पुसट छाप राहते, तिच्यावर पुन्हा सुरू करता येतं. लंडनच्या स्लेड कलाशाळेत हेन्री टाँक्स शिकवायचे, त्यांच्या नावावरून याला टाँकिंग म्हणतात.


रेघोट्या

वाचनखूण साठवली. एक शंका: हे सगळं नाइफनंच केलं तर? ब्रश पुसायची कटकटच नाही.


जाड_थर

@रेघोट्या, नाइफनं रंग स्वच्छ राहतो हे खरं, पण नाइफचा प्रत्येक घाव सपाट पत्र्यासारखा असतो. तांब्याला छान, कापलेल्या मोसंबीच्या सालीच्या कडेला छान. गोल फळाला मात्र केसांच्या रेघा लागतात, त्या रेघांनीच गोलाई वळते. आख्खं सीताफळ नाइफनं केलं तर फोडलेल्या दगडासारखं दिसतं.


अंबडची_मोसंबी

मोसंबीवर कुणीच बोललं नाही म्हणून आलो 🙂

पिवळ्यात काळा किंवा निळा घातला की हिरवा होणारच, त्यात चूक कॅनव्हासची नाही. लेमन यलो मुळातच हिरवट बाजूचा पिवळा. त्याची सावली करायची तर लालसर काहीतरी घालून त्याला जांभळ्याकडं ओढावं लागतं. हे ढीग करून बघा.

उजेड: लेमन यलो ४ भाग, पांढरा १, यलो ऑकर (मातकट पिवळा) चिमूटभर. पांढरा याहून वाढवला तर मोसंबी खडूसारखी फिकट पडते. उजळ करायचं म्हणजे पांढरा घालायचा, ही सवयच पिवळ्याच्या बाबतीत घातक.

मधला: लेमन यलो २, ऑकर १, सॅप ग्रीन हरभऱ्याच्या डाळीएवढा.

सावली: ऑकर २, सॅप ग्रीन १, अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) पाव भाग. काळवंडली वाटली तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) थोडा.

सावलीतला परत आलेला उजेड: खाली जे कापड आहे त्याचाच रंग, सावलीच्या ढिगात मिसळून. उजेडाच्या भागापेक्षा तो नेहमी गडद ठेवायचा. पापण्या मिटून बघितल्यावर जर तो उठून दिसला तर जास्त झालाय.

आपल्या मोसंबीच्या सालीवर देठापासून खाली उभ्या बारीक शिरा असतात आणि बुडाला पैशासारखं गोल वर्तुळ. त्या वर्तुळाचा एक अर्धा वळसा काढला तरी ती मोसंबी ठरते, नाहीतर लिंबू, संत्रं, काहीही वाटू शकतं. उजेडाचे फटकारे शिरांच्या दिशेनं, देठाकडून बुडाकडं. सावलीचे आडवे. दिशा बदलली की रंग न बदलताही पृष्ठभाग वळलेला दिसतो.

आख्खी मोसंबी १४-१५ फटकाऱ्यांत संपवायची. जमतं का, तर फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं १८८० सालचं लिंबू बघा, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. आख्खं चित्र १४ × २२ सेंटिमीटर. काळ्या बशीत एकटं लिंबू, पण सालीचा खरबरीतपणा, वजन, सगळं आहे.

चकाकी शेवटी. जवळजवळ पांढरा, त्यात लेमन यलोचा स्पर्श, घट्ट रंग, ४ नंबरचा ब्रश, एकच टेकवणी. सालीला छिद्रं असतात, त्यामुळं चकाकी काचेसारखी अखंड नसते, तुटक असते. ब्रश कोरडा असला की ती आपोआप तुटते.


बालाघाटी

काळ्याबद्दल थोडा मतभेद. मोसंबीत काळा नको, मान्य. पण सीताफळाचा मधला रंग आयव्हरी ब्लॅक आणि लेमन यलोनंच येतो: काळा १, पिवळा ४. जो शेवाळी हिरवा तुम्हाला मोसंबीत छळतोय तोच इथं हवाय. उजेडासाठी त्यातच पांढरा दोन भाग आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) नखभर, कारण सीताफळावर धूळ बसल्यासारखी निळसर-पांढरी झाक असते. सावली अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन सारख्या भागांत, पातळ. या तिन्ही रंगांतून खालचा थर दिसतो, म्हणून सावली खोल वाटते. पांढरा घातलेली सावली पिठाळ होते, मग त्यावर काहीही करा.

डोळे उघडलेल्या फळाच्या भेगा पिवळट-गुलाबी असतात. ऑकर, पांढरा आणि अलिझरिनचा ठिपका. तीन-चार भेगा पुरेत. त्या रेघेनं काढायच्या नाहीत, दोन डोळ्यांच्या मधली जागा मोकळी सोडून तिथं ब्रशची कड टेकवायची.


अंबडची_मोसंबी

काळा-पिवळा मान्य. बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी, दोघांनाही २०१६ लाच भौगोलिक मानांकन मिळालंय, आता एकाच टेबलावर भांडायला नको.


रेखाकला_शिक्षक

इंटरमिजिएटला स्थिरचित्राचा विषय असतो, त्यामुळं बरीच मुलं हे पोस्टर कलरनं करून बघतील. त्यांच्यासाठी थोडक्यात. वर सांगितलेला जाड थर पोस्टर कलरला चालत नाही. त्यात चिकटवणारा डिंक कमी, रंगाची भुकटी जास्त, त्यामुळं जाड थर सुकल्यावर तडकतो आणि कागद वाकला की पोपडे निघतात. फटकारा दाखवायचा तो रंग दह्याइतका दाट ठेवून, कोरड्या चपट्या ब्रशनं. सुकल्यावर छटा बदलते, म्हणून ढिगाचा एक ठिपका रद्दी कागदावर सुकवून बघा. आणि पाणी दिवसातून एकदा न बदलता दर फळाला बदला.

बाकी मुद्दे, विशेषतः गोळा आधी नि डोळे मागून, कोणत्याही माध्यमाला लागू.


पत्र्याचं_घर

ॲक्रिलिकवाल्यांचं काय? इकडं उन्हाळ्यात पत्र्याखाली पॅलेटवर रंग पिळून ब्रश उचलेपर्यंत वर साय येते.


जाड_थर

स्टीलचा पसरट डबा घ्या, झाकणाचा. तळाला ओला स्पंज किंवा चार पदरी सुती कापड, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. खालून ओल मिळत राहते, रंग दोन-तीन तास टिकतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. रंग वाळू न देणारं रिटार्डर मिळतं, पण दहा भाग रंगाला एक भाग, याच्या वर नको, नाहीतर थर दिवसेंदिवस चिकट राहतो. कूलर चालू असेल तर हवा दमट होते, त्याचा फायदाच, फक्त झोत चित्रावर नको. एकदम जाड थरही नको: वरून कातडं धरतं, आत ओलं राहतं, मग आकसून भेग पडते. दोन-तीन मिलिमीटरचे थर, मधे सुकू देऊन. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, तेवढं धरून मिसळा.

तैलरंगाला उन्हाळ्यात वेगळाच त्रास. ट्यूबमधून रंगाच्या आधी तेल गळतं आणि पांढरा लोण्यासारखा ढिला येतो, फटकाऱ्याची कडच उभी राहत नाही. असा रंग जाड कागदावर १० मिनिटं काढून ठेवा, जास्तीचं तेल कागद पितो. तासभर ठेवू नका. तेल फारच कमी झालं तर रंग सुकल्यावर ठिसूळ होतो.


हार्डवेअर_गल्ली

करडईच्या तेलाचं राहिलंच की. उत्तर: नको.

सांगायची गंमत अशी की रंग बनवणारे खरोखरच करडईचं तेल वापरतात, विशेषतः पांढऱ्यात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. पण ते शुद्ध केलेलं असतं आणि तरीही जवसापेक्षा हळू सुकतं. घाण्याच्या तेलात चिकट गाळ राहतो. दुकानातल्या खायच्या तेलात कधी कधी ते खवट होऊ नये म्हणून काही घातलेलं असतं, आणि खवट न होणं म्हणजेच न सुकणं. तैलरंग सुकतो तो पाण्यासारखा उडून नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं म्हणून. शिवाय करडईच्या काही जातींत ओलिक आम्ल जास्त असतं. ते तेल तब्येतीला चांगलं म्हणून विकलं जातं, पण चित्रावर ते महिनोन्महिने चिकटच राहील.

मुळात एका बैठकीत जाड रंगाचं चित्र करताना वरून तेल घालायची गरजच नाही. ट्यूबमधे आहे तेवढं पुष्कळ. जास्त तेलाचा जाड थर सुरकुततो.

टर्पेंटाइन: रंगात घालायला चित्रकलेच्या दुकानातलं. हार्डवेअरमधलं साधं टर्पेंटाइन ब्रश धुवायला ठीक. रॉकेल नको, मागं तेलकट राहतं. फर्निचरचं एनसी थिनर तर अजिबात नको. मळलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवा, दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरा.

आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाच्या, रंगाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, गोळ्यात ती कोंडते, आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. ४२ अंशांच्या दुपारी तर विचारूच नका. एकेक पसरून मोकळ्यावर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.


पैठणगेट

हिमरूवर कुणी बोलेना. फोटोत कापडाची बुट्टी न् बुट्टी काढलीय, तीही एक नंबरच्या बारीक ब्रशनं, आणि फळं जाड फटकाऱ्यात. एकाच चित्रात दोन माणसं रंगवायलेत असं वाटतं.

हिमरू सुती-रेशमी असतं, त्याची गंमत झळाळीत आहे, नक्षी दुय्यम. आधी कापडाच्या घड्या मोठ्या तुकड्यांत करा, तीन छटा फक्त. फळाच्या उजेडाच्या बाजूला कापड गडद, सावलीच्या बाजूला थोडं उजळ. मग उजेड पडलेल्या एकाच घडीवर चार-पाच बुट्ट्या, तोच ८ नंबरचा ब्रश, कडेनं टेकवून. सावलीतल्या घडीत बुट्टी दिसत नाही, काढायची नाही. घडी वळते तिथं बुट्टी अर्धी कापली गेली पाहिजे, नाहीतर कापडावर स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते.

व्हॅन गॉगचं १८८७ सालचं चित्र आहे, बहुतेक सगळं पिवळं: लिंबं, नाशपाती, द्राक्षं, चौकटसुद्धा त्यानंच पिवळी रंगवलेली. त्यात फळाभोवती फिरणारा फटकारा तसाच पुढं कापडात जातो. फळ संपलं म्हणून ब्रशचा स्वभाव बदलत नाही. ते बघून मग आपल्या कापडाकडं बघा.


गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. खिडकीचा उजेड दोन तासांत पार सरकतो, तेवढ्यात होत नाही. आणि कापलेली मोसंबी सायकलच्या चाकासारखी दिसायलीय.


बालाघाटी

उजेडाचं सोपं आहे. मोसंबीचा रिकामा खोका घ्या, वरची आणि पुढची बाजू कापा, आतून काळा कागद लावा. फळं आत. डावीकडून वर ४५ अंशांत, दोन-अडीच फुटांवर एकच ९ वॅटचा एलईडी, मधल्या पांढऱ्याचा, ४००० केल्विन लिहिलेला. खोलीतली बाकी ट्यूब बंद, खिडकीला पडदा. निळसर ६५०० च्या दिव्यात पिवळे मिसळले की पिवळट दिव्यात बघताना ते भलतेच तांबूस निघतात. कॅनव्हासवर वेगळा दिवा लागेल, तोही त्याच ४००० चा.

मोबाइलचा फोटो काढून त्यावरून रंगवू नका. फोन सावली काळी करतो आणि सीताफळाचे सगळे डोळे एकसारखे टोकदार करतो. म्हणजे पहिल्या फोटोतली चूक तो आधीच करून देतो. फोटोचा उपयोग एवढाच: आपल्या चित्राचा फोटो काळा-पांढरा करून छटा तपासायच्या.


अंबडची_मोसंबी

चाक झालं कारण फोडींच्या रेघा केंद्रातून कडेपर्यंत सरळ आणि सगळ्या सारख्या काढल्यात. मोसंबीला दहाच्या आसपास फोडी असतात, चार-पाचच दाखवा, त्याही असमान. काप तिरपा दिसतोय, म्हणजे जवळच्या फोडी रुंद, लांबच्या आखूड.

पद्धत: गराचा भाग जाड रंगवायचा नाही. लेमन यलो आणि ऑकरचा अगदी पातळ थर द्या, आणि चिंधी बोटाला गुंडाळून उजेडाच्या उलट बाजूला पुसून घ्या, खालचा कॅनव्हास चमकू द्या. गर पारदर्शक आहे. उजेड डावीकडून आत शिरतो आणि उजवीकडच्या फोडी आतून पेटतात. सगळे लोक डावी बाजू उजळ करतात, सालीसारखी. मग फोडींचे पडदे ब्रशच्या दांड्याच्या टोकानं ओल्या रंगात खरवडा. सालीच्या आतलं पांढरं कडं शुद्ध पांढरं नको, ऑकर घालून. गरावर चकाकीचे तीन ठिपके, जाड, आणि थांबायचं.

कापलेली फोड अर्ध्या-पाऊण तासात सुकून कोमेजते. म्हणून ती सगळ्यात आधी रंगवा, किंवा दर अर्ध्या तासानं पातळ चकती कापून नवा गर उघडा. त्यासाठी मोसंबी मधोमध न कापता देठाकडून तिसऱ्या हिश्शावर कापायची, म्हणजे कापायला जागा उरते.


पत्र्याचं_घर

सीताफळही थांबत नाही. डोळे उघडले की दीड-दोन दिवस. फ्रिजमधे ठेवावं तर साल काळी पडते.


बालाघाटी

हो, थंडी त्याला सोसत नाही. टणक फळं तीन-चार आणा, डोळे उघडायला तोडणीपासून तीन ते पाच दिवस लागतात, एकेक वापरता येतं. मोसंबी तोडल्यावर पिकत नाही, ती आठ-दहा दिवस तशीच बसते, तिची घाई नाही. म्हणून क्रम: कापलेली मोसंबी, उघडलेलं सीताफळ, टणक सीताफळ, आख्ख्या मोसंब्या, तांब्या.

पिकलेल्या फळावर चिलटं येतात आणि ओल्या तैलरंगात चिकटतात. ओल्यात काढायला जाऊ नका, फटकारा मोडतो. सुकल्यावर नखानं निघतात. रात्री चित्रावर मच्छरदाणीचं कापड चौकटीवर ताणून ठेवा, रंगाला टेकणार नाही असं. मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्याची परात. आणि बिया हाताळून त्या हातानं डोळे चोळू नका, सीताफळाच्या बीनं डोळ्यांना भयंकर इजा होते.


गोदाकाठची

दुसरा प्रयत्न जोडलाय. पातळ बर्न्ट सिएनाचा थर आधी देऊन, १० मिनिटांनी पुसून, त्यावर ब्रशनंच आखणी. मग फळांच्या सावल्या आणि खाली पडलेल्या सावल्या जोडून एकदम. सगळं दोन तासांत. पुढच्या सीताफळावर ११ डोळे. तांब्या मात्र प्लास्टिकचा वाटतोय.


जाड_थर

सीताफळ आता सीताफळ आहे. उजवीकडचे दोन डोळे पुन्हा हाताळलेत, बांध मोडलाय, ते टाँकिंगनं काढून नवे टेकवा. उद्यापर्यंत रंग ओला आहे, चालेल.

तांब्याला चकाकी एकच आणि मधोमध दिलीय, म्हणून प्लास्टिक. पितळेत छटा हळूहळू उतरत नाहीत, गडद आणि उजेड एकमेकांना खेटून बसतात. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद पट्टा, त्याला लागूनच ऑकर-लेमन यलोचा उजेड, मधे मिसळायचं नाही. पोटावर खालच्या बाजूला शेजारच्या मोसंबीचा पिवळा डाग हवा, ताणलेला, आडवा. गळ्याशी फटकारे वळशाच्या दिशेनं.


पैठणगेट

कापड झकास. उजव्या कोपऱ्यातली ती एक बुट्टी पुसा.


गोदाकाठची

पुसली. सुकायला किती दिवस? आणि वॉर्निश?


हार्डवेअर_गल्ली

सावल्या दोन-तीन दिवसांत, बर्न्ट सिएना लवकर धरतो. मोसंबीच्या उजेडाचा जाड पिवळा नि पांढरा वरून आठ-पंधरा दिवसांत हाताला लागेनासा होईल, आतून बरेच महिने. उन्हात वाळवू नका, वरचं कातडं आधी धरतं नि खाली ओलं राहतं. काचेच्या फ्रेममधेही इतक्यात नको, जाड रंग काचेला चिकटतो. वॉर्निश सहा महिन्यांनंतर, एवढ्या जाडीला वर्षानं. तोवर धूळ बसेल ती मऊ कोरड्या ब्रशनं झटका. बांधांच्या खाचांत साचते, ओलं कापड फिरवलं तर तिथंच चिखल होऊन बसेल.